घटना समितीतील दाक्षायणीबाई

घटना समितीविषयी आपल्या चळवळीत जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक सर्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच सभागृहात ३४ वर्षांची एक दलित स्त्री बसत होती. घटना समितीत एकूण १५ स्त्रिया होत्या आणि त्यांत दलित अशी ही एकटीच. दाक्षायणी वेलायुधन हे तिचे नाव. आपल्या व्याख्यानमालांत ते क्वचितच ऐकू येते. आले तरी एका अर्ध्या वाक्यापुरते, आणि तेही आपल्या विरोधकांच्या तोंडून. त्यांनी सभागृहात जे मांडले ते एकत्र ठेवून तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दाक्षायणीबाई १९१२ साली कोचीन संस्थानातील मुळवुकाड बेटावर पुलया जातीत जन्मल्या. पुलया म्हणजे भातशेतीत राबणारी, पण जमिनीवर कसलाही हक्क नसलेली जात. जमिनीवर सभा भरवण्याची मुभा नव्हती, म्हणून १९१३ साली पुलयांनी खाडीच्या पाण्यात होड्या एकमेकींना बांधून आपली परिषद भरवली. या जागृतीत बाईंच्या घरची माणसे होती. १९३५ साली बाई रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाल्या. देशातील पहिली दलित पदवीधर स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. कॉलेजात सवर्ण शिक्षक प्रयोग जवळून दाखवीत नसत, म्हणून दुरून पाहून त्यांनी ते शिकून घेतले, असे सांगतात. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. म्हणून 'दुरून पाहून शिकणे' याचा अर्थ मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे त्या शाळेत शिक्षिका झाल्या. १९४० साली आर. वेलायुधन यांच्याशी त्यांचा विवाह वर्ध्याजवळ सेवाग्राम आश्रमात गांधीजी व कस्तुरबा यांच्या उपस्थितीत झाला. १९४५ साली त्या कोचीनच्या विधिमंडळावर नियुक्त झाल्या आणि १९४६ साली मद्रास प्रांतातून काँग्रेसतर्फे घटना समितीवर निवडून आल्या. त्या गांधीवादी होत्या आणि काँग्रेसच्या होत्या. आपल्याकडे त्यांचे नाव मागे पडले, याचे मुख्य कारण हेच असावे असे मला वाटते.

१३ डिसेंबर १९४६ रोजी नेहरूंनी ध्येयधोरणांचा ठराव मांडला. १७ डिसेंबरला बाबासाहेब त्यावर बोलले. ठरावात न्यायाचे शब्द आहेत, पण तो न्याय प्रत्यक्षात आणणारी तरतूद नाही. सामाजिक व आर्थिक न्याय हवा असेल तर उद्योगधंद्यांचे आणि जमिनीचे राष्ट्रीयीकरण ठरावात स्पष्ट यायला हवे होते, असा त्यांचा आक्षेप होता. दोनच दिवसांनी, १९ डिसेंबरला, दाक्षायणीबाई बोलल्या. घटना समितीने नुसती घटना लिहून भागणार नाही, लोकांच्या जगण्याला नवी चौकट दिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ७ कोटी अस्पृश्यांना अल्पसंख्याक म्हणायला त्यांनी नकार दिला. संरक्षक तरतुदींपेक्षा सामाजिक बंधने ताबडतोब नष्ट होणे त्यांना महत्त्वाचे वाटत होते, आणि ते स्वतंत्र समाजवादी प्रजासत्ताकातच होईल असे त्यांनी सांगितले. मार्ग भिन्न आहेत, हे उघड आहे. परंतु आर्थिक पाया बदलल्यावाचून अस्पृश्याची सुटका नाही, हे निदान दोघांच्या भाषणांत आहे. ते नजरेआड का करावे?

आता ते गाजलेले अर्धे वाक्य. २८ ऑगस्ट १९४७ रोजी एस. नागप्पा यांची एक सूचना चर्चेस आली. राखीव जागेवरून निवडून येणाऱ्या उमेदवाराला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मते मिळालीच पाहिजेत, अशी ती सूचना होती. १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघात सवर्णांच्या मतांवर निवडून येणाऱ्या प्रतिनिधीची निष्ठा कुणाशी राहते, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता. दाक्षायणीबाईंनी सूचनेला विरोध केला आणि आपण स्वतः कोणत्याही राखीव जागांच्या बाजूच्या नाही असे सांगितले. एवढाच तुकडा उचलून 'बघा, एक दलित स्त्रीच आरक्षणाच्या विरुद्ध होती' असे आमच्या विद्यार्थ्यांना ऐकवले जाते.

परंतु भाषण तिथे संपत नाही. ब्रिटिश राजवटीने मागे ठेवलेल्या परस्परांच्या भीतीमुळे या गोष्टी स्वीकाराव्या लागत आहेत, हेही त्यांनी म्हटले. आणि मुख्य मुद्दा असा मांडला की, अनुसूचित जाती जोपर्यंत दुसऱ्यांच्या आर्थिक गुलाम आहेत, तोपर्यंत स्वतंत्र मतदारसंघ काय किंवा संयुक्त काय, दोन्ही निरर्थक आहेत. हे बोलणे गुणवत्तेची जपमाळ ओढणाऱ्यांचे नाही. ज्या जातीकडे सभा भरवण्यापुरतीही जमीन नव्हती, त्या जातीच्या मुलीचे ते आहे. जे त्यांचा पूर्वार्ध सांगतात, ते उत्तरार्ध सांगत नाहीत, कारण तो सांगितला तर जमिनीच्या वाटपावर बोलावे लागेल.

नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुद्यावर बोलताना त्या स्वपक्षाच्या दडपणाखाली दिसत नाहीत. मसुद्यात सत्तेचे अतोनात केंद्रीकरण आहे, तो १९३५ च्या कायद्याच्या साच्यातला आहे, अशी टीका त्यांनी केली. सार्वत्रिक निवडणुकीद्वारे घटनेला जनतेची मान्यता घ्यावी असेही त्यांनी सुचवले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर झाले. त्या चर्चेत त्यांनी बजावले की, घटनेचे यश कायद्याच्या अंमलापेक्षा लोक पुढे कसे वागतात यावर अवलंबून राहील.

इथे मात्र त्यांच्याशी मतभेद नोंदवणे भाग आहे. समाजाच्या नैतिक परिवर्तनावर त्यांनी जो भरवसा ठेवला, तो समाजाने खरा केला नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा करावा लागला, १९७६ साली तो कडक करून नागरी हक्क संरक्षण कायदा करावा लागला आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आणावा लागला. दहा वर्षांसाठी दिलेल्या राखीव राजकीय जागा दर दहा वर्षांनी वाढवाव्या लागल्या. २०१९ च्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०३० पर्यंत नेली. सवर्णांच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबून राहता येत नाही हे बाबासाहेबांचे निदानच खरे ठरले. तरीही लोकांचे वागणे न बदलता कायदा कसा कागदावर राहतो, हा दाक्षायणीबाईंचा इशारा कुणी खोटा म्हणू शकेल काय?

१९५२ साली हंगामी संसद संपली आणि बाई पुन्हा संसदेत गेल्या नाहीत. १९७७ साली त्यांनी दिल्लीत महिला जागृती परिषद स्थापन केली आणि १९७८ साली त्या वारल्या.

आपल्या चळवळीला माणसांची विभागणी 'आपला' आणि 'परका' अशी करण्याची सवय आहे. संघर्षाच्या काळात ती समजण्यासारखी आहे, पण इतिहास लिहिताना ती चालणार नाही. 'परका' म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्याचे शब्द दुसरे कुणीतरी उचलते आणि आपल्याच मुलांवर फेकते. घटना समितीचे वृत्तांत आज कुणालाही वाचता येतात. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी अभ्यासवर्गात १७ डिसेंबरचे बाबासाहेबांचे भाषण आणि १९ डिसेंबरचे दाक्षायणीबाईंचे भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचावे. वाद जरूर घालावा, पण तो पूर्ण भाषणाशी घालावा.