श्वसन मॉनिटर (पशुवैद्यक)

भूल दिलेल्या प्राण्याचा श्वास टिपणारे व तो थांबल्यास गजर करणारे उपकरण. श्वासनलिकेत घातलेली नळी भूलयंत्राला जिथे जोडतात, तिथे त्याचा संवेदक बसतो. साध्या प्रकारात थर्मिस्टर, म्हणजे तापमानातला बदल टिपणारा घटक, असतो. आत जाणारी हवा थंड, उच्छ्वास उबदार, या फरकावर दर श्वासाला बीप वाजतो. पण बीपवर विसंबून राहणे धोक्याचे. श्वास किती खोल आहे, हे त्यातून कळत नाही. हृदयाच्या ठोक्याने हललेली हवाही कधी श्वास म्हणून मोजली जाते. खरी स्थिती कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे उपकरण, दाखवतो : कुत्र्यात उच्छ्वासाअखेरचा कार्बन डायऑक्साइड साधारण ३५ ते ४५ मिमी पारा असतो. मांजर, ससा यांना कमी पोकळीचा जोड लावतात, एरवी सोडलेलाच वायू पुन्हा आत ओढला जातो. वापरानंतर संवेदकावरचे पाणी व कफ हलक्या हाताने पुसतात. बॅटरी भूल देण्यापूर्वीच तपासावी.