पावाच्या कागदावरचे ठिपके

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडची लाकडी चौकट तुम्ही पाहिली असेल. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणलेलं असतं. त्यावरून रबराच्या पट्टीनं शाई ओढली, की जाळी मोकळी असेल तिथे रंग उतरतो, बुजवलेली असेल तिथे कागद कोरा राहतो. बचत गटाच्या कापडी पिशव्यांवरचं नावही असंच छापतात. याच स्क्रीन प्रिंटिंगनं नाव कमावलेल्या अमेरिकेतल्या एका सिस्टरची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

सिस्टर मेरी कॉरिटा यांचा जन्म १९१८ सालचा. वयाच्या अठराव्या वर्षी त्या लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट या सिस्टरांच्या संघात गेल्या आणि पुढे संघाच्याच कॉलेजात चित्रकला शिकवू लागल्या. जाळीचं छापकाम त्या मारिया रामोस मार्टिनेझ या बाईंकडून शिकल्या.

१९६२ साली त्याच शहरात अँडी वॉरहॉल यांची ३२ चित्रं मांडली गेली. प्रत्येकावर कॅम्पबेल कंपनीच्या सूपचा डबा, फक्त सूपचा प्रकार वेगळा! लोकांनी थट्टा केली. बाजारातला माल असा चित्रात आणणं, यालाच पॉप आर्ट म्हणतात. कॉरिटांनीही ते प्रदर्शन पाहिलं.

त्याच वर्षी त्यांनी वंडर ब्रेड या पावाच्या वेष्टनावरचे लाल, निळे, पिवळे ठिपके घेऊन एक चित्र छापलं. कारखान्यातला साधा, स्वस्त पाव तो. पण ख्रिस्ती मिस्सेत पाव हेच येशूचं शरीर मानून स्वीकारतात. रोज फाडून फेकायच्या कागदात कॉरिटांना तो पाव दिसला. वॉरहॉलच्या डब्यांपेक्षा आम्हाला हे चित्र जास्त भावतं, कारण इथे वस्तूमागची भूकही दिसते.

विद्यार्थिनींना त्या दुकानांत, रस्त्यावर घेऊन जात. हातात मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा. त्या भोकातून एकेक तुकडा न्याहाळायचा: पाटी, डबा, बाटलीवरचं अक्षर. (घरी करून पाहा, हळदीच्या पुडीवरही नजर थांबते.) चित्रं त्या मुद्दाम स्वस्त विकत, म्हणजे साध्या घरातही लागावीत.

१९६४ मध्ये टोमॅटोच्या डब्याच्या जाहिरातीची भाषा वापरून त्यांनी मेरीमातेला सर्वांत रसरशीत टोमॅटो म्हटलं. पुष्कळांना तो अपमान वाटला. कार्डिनल मॅकइन्टायर, म्हणजे तिथले सर्वोच्च धर्मगुरू, कॉरिटांच्या कलेवर नाराज होतेच. त्यात संघाच्या सिस्टरांनी मागण्या मांडल्या: वर्गात मुलांची दाटी नको, शिकवायला उभं राहण्याआधी आम्हाला पुरेसं शिक्षण द्या, वेश आमचा आम्ही ठरवू. वाद पेटला.

१९६८ मध्ये कॉरिटांनी संघ सोडला आणि त्या बोस्टनला गेल्या. तोवर सिस्टर म्हणून तीसेक वर्षं गेली होती. पन्नाशीत नवं घर, नवं पोट भरणं. १९७० मध्ये मागे राहिलेल्यांपैकी तीनशेहून अधिक सिस्टरांनीही चर्चची दीक्षा सोडली. पण त्या एकमेकींना सोडून गेल्या नाहीत. स्वतःचा वेगळा संघ त्यांनी उभा केला.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं कॉरिटांचं चित्र तिकिटावर छापलं. रंगांचे काही फटकारे, खाली 'प्रेम' हा शब्द, किंमत २२ सेंट. पुढच्या वर्षी त्या वारल्या. तिकीट कोट्यवधींच्या संख्येनं खपलं, आणि लोकांनी ते जिभेनं ओलं करून पत्रांवर चिकटवलं.