डहाणूची नाव व चरकांची पर्षद

डहाणू-तलासरीच्या बाजूस तत्त्वज्ञानाच्या उच्च अध्ययनाचा आरंभ १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठापासून धरणें सोपें आहे. पण तेथून सतराशेंहून अधिक वर्षें मागें नेणारा लेखी पुरावा आहे. नाशिकच्या पांडव लेण्यांपैकीं १० व्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा प्राकृतमिश्र संस्कृत लेख आहे. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्यानें फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर सभा व पाणपोया केल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी.

आम्हांस अधिक मोलाचें वाटतें तें पुढील दान. नानंगोल गांवीं माडांचीं ३२,००० झाडें (‘मूल’ म्हणजे येथें झाड, असा अर्थ आम्हीं घेतला आहे) त्यानें पिंडितकावड, गोवर्धन, सुवर्णमुख व शूर्पारकाचें रामतीर्थ येथील चरकांच्या पर्षदांस दिलीं. नानंगोल तें नारगोळ, हें पंडित भगवानलाल इंद्रजींचें मत ग्राह्य आहे. नारगोळ आज गुजरातेंत असलें तरी १९६० पर्यंत उंबरगांव तालुका ठाणें जिल्ह्यांतच होता. त्याचा महाराष्ट्रांत राहिलेला भाग म्हणजे तलासरी.

हे चरक कोण? कृष्णयजुर्वेदाची त्या नांवाची शाखा प्रसिद्ध आहे. परंतु बृहदारण्यकांत जनकाच्या सभेंत भुज्यु लाह्यायनि सांगतो कीं, आपण मद्रदेशांत चरक होऊन हिंडत असतां पतंचल काप्याच्या घरीं गेलों. आणि तेथें विचारलेला, पारिक्षित कोठें गेले हा प्रश्न, तो याज्ञवल्क्यापुढें टाकतो. शंकराचार्य तेथें दोन्ही अर्थ देतात: अध्ययनासाठीं व्रत आचरणारे, किंवा अध्वर्यु. उषवदाताच्या लेखांतही दोहोंत विरोध मानण्याचें कारण नाहीं; शाखेचा अध्यायीच हिंडून शिकत असेल. भरुकच्छाहून शूर्पारकास किनाऱ्यानें पायीं येणारास तापी, पार, दमणगंगा व डहाणूची खाडी उतरावीच लागे, आणि पावसाळ्यांत त्या खाड्या कशा असतात हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. नावा सर्वांसाठींच होत्या, म्हणून तेवढ्यावरून सिद्धांत करूं नये. मात्र पर्षद आणि वाट यांची तरतूद एकाच लेखांत येते, हें विसरूं नये.

याच दात्यानें त्याच लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठीं ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजीं ठेविले आणि कापूराहारांतील चिखलपद्र गांवीं माडांचीं ८,००० झाडें दिलीं. आत्मा मानणारे चरक व तो न मानणारे भिक्षु, दोघांचाही योगक्षेम एकाच हातून चालला होता.