सन्मानाचे खरे परीक्षक

लोकसेवकाचा गौरव करावयाचा, तर त्याची पारख कोणीं करावी? जोतीराव फुले यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. त्यांचा जाहीर सन्मान दोन प्रसंगीं झाला. परंतु त्या दोहोंचे परीक्षक निराळे होते.

पहिला सन्मान १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं पुण्यास विश्रामबागवाड्यांत झाला. जोतीरावांनीं १८४८ पासून मुलींकरितां, व पुढें अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांकरितां, शाळा काढल्या होत्या. त्याबद्दल सरकारनें मेजर कँडी यांच्या हस्तें त्यांना शालजोडी अर्पण केली.

परंतु त्या शालीनें ते सरकारचे मिंधे झाले नाहींत. १८७६ सालीं ते पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद झाले. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव तेथें आला, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें म्हणून त्यांनीं विरोध केला. विरोधाचें मत त्यांचें एकट्याचेंच पडलें.

सभागृहांत एकाकी ठरलेल्या या सभासदाचा निवाडा पुढें लोकांनीं केला. ११ मे १८८८ रोजीं मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहांत त्यांचा सत्कार झाला, आणि रावबहादुर विठ्ठलराव वंडेकर यांच्या पुढाकारानें त्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यांत आली. तिच्यामागें राजाज्ञा नव्हती, सनद नव्हती. ज्यांच्याकरितां ते झिजले, त्या समाजाचीच साक्ष होती.

शालजोडीचें स्मरण आज थोड्यांस असेल. पदवी मात्र त्यांच्या नांवाशीं कायमची जडली.