‘बच्चा’ शब्दाची कुळकथा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या वर्गास मी ‘आमचे घर’ हा निबंध लिहावयास दिला होता. एका मुलाने लिहिले, “माझा धाकटा भाऊ अजून बच्चा आहे.” मी लाल शाईने ‘बच्चा’ खोडून वर ‘बालक’ लिहिले व सर्वांदेखत म्हणालो, “हा शब्द आपल्या मराठीतला नव्हे.” त्या दिवसापासून तो मुलगा उत्तरासाठी हात वर करीनासा झाला.

पुढे शब्दकोश चाळताना माझी चूक मला उमगली. ‘बच्चा’ मराठीत फारसीतून आला, एवढे खरे. परंतु इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत त्याचे रूप ‘वच्चग’ असे होते. पुढे फारसीत शब्दारंभीच्या ‘व’चा अनेक ठिकाणी ‘ब’ झाला. संस्कृतात वाऱ्याला ‘वात’, फारसीत ‘बाद’; संस्कृतात वीस म्हणजे ‘विंशति’, फारसीत ‘बीस्त’. याच न्यायाने ‘बच्चा’ व संस्कृत ‘वत्स’ हे एकाच कुळातले शब्द होत, असे भाषापंडित मानतात.

‘वत्स’चे नाते ‘वत्सर’ म्हणजे वर्ष या शब्दाशी आहे. वत्स म्हणजे मुळात वर्षाचे पिलू. ‘वत्सरूप’पासून आपले ‘वासरू’ झाले आणि ‘वत्स’पासूनच ‘वात्सल्य’. दूरच्या लॅटिन भाषेतही वासराला ‘विटुलुस’ म्हणतात. तोही याच गोतावळ्यातला.

शूराला आपण ‘वाघाचा बच्चा’ म्हणतो. घरातील लहानग्यांना ‘कच्चीबच्ची’. फारसीचे प्राध्यापक व मराठीचे कवी माधव जूलियन यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला. मराठीत मुरलेल्या अशा शब्दांची त्यांनी आस्थेने नोंद घेतली. मी मात्र त्यांतलाच एक शब्द खोडून बसलो होतो.

मी वर्गात ही सारी हकीकत सांगितली व चूक कबूल केली. क्षणभर शांतता पसरली. मग त्याच मुलाचा हात वर आला. “सर, म्हणजे वासरू आणि बच्चा भाऊभाऊच की!”

पालकहो, घरातली बोली मुलाने शाळेत आणली, तर त्याला लाजवू नका. आणि मुलांनो, कोणी तुमच्या शब्दाला परका म्हटले, तर रागावू नका. कोश उघडा आणि त्याचे कूळ शोधा.