नखावरची काळी रेघ : हचिन्सन ते बॉब मार्ली

१/ सन १८८६. लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका चिवट नखुरड्याविषयी लिहिले. वरवर पाहता सुजलेले, चिघळलेले बोट. पण कडेला बारीक काळी किनार. ते नखुरडे नव्हतेच. तो नखाखालचा कर्करोग होता, मेलॅनोमा.

२/ काळा रंग नखाची हद्द ओलांडून शेजारच्या त्वचेवर उतरला की संशय घ्यावा. ही खूण आजही हचिन्सन यांच्याच नावाने ओळखली जाते. (खराब मासे खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, हा हट्टही याच गृहस्थांचा. त्याच्या पडताळणीसाठी ते भारतातही येऊन गेले!)

३/ परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. सावळ्या वर्णाच्या लोकांत नखांवरच्या बहुतेक रेघा निरुपद्रवी असतात. निर्णय बायोप्सीचाच, आणि खरी अडचण तिथेच आहे. रेघ नखाच्या टोकापर्यंत दिसत असली, तरी तिचा रंग बहुधा त्वचेच्या घडीखाली दडलेल्या नखमुळात तयार होतो. तुकडा पुढून घेतला तर रोग निसटतो. मुळातून खोल घेतला तर नख जन्मभर दुभंगलेले उगवू शकते. म्हणून शल्यविशारद घडी मागे सारून, नख उचलून, रेघेच्या उगमाचा पातळ थर तेवढा काढू लागले.

४/ रोग सिद्ध झाल्यास विसाव्या शतकात बराच काळ उपाय एकच होता : बोट कापणे.

५/ १९७७ मध्ये बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. फुटबॉल खेळताना लागले असेल, असाच समज होता. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या नखुरड्याचीच चूक. बायोप्सीत मेलॅनोमा निघाला. अंगठा कापण्याचा सल्ला त्याने नाकारला. शरीर अखंड राहावे ही त्याची रास्ताफारी श्रद्धा होती. मग मायामीत नख व त्याखालची त्वचा काढून तेथे त्वचारोपण झाले. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो गेला. कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला होता.

६/ श्रद्धेने त्याचा बळी घेतला, असे सर्रास लिहिले जाते. अंगठा कापूनही तो वाचला असता, असे खात्रीने म्हणता येत नाही. आज रोग वरच्या थरातच असेल, तर नख मुळासकट काढून तेथे त्वचारोपण करतात. नख पुन्हा येत नाही. बोट मात्र राहते.