प्रमाणपत्राची मुदत

नेरूळला आमच्या इमारतीत रात्री अकरा वाजले तरी एका घरातला दिवा विझत नाही. आई आणि मुलगा एकाच टेबलाशी अभ्यासाला बसतात. मुलाची दहावी, आईची टीईटी. बाई वीस वर्षांहून अधिक काळ सहावी-सातवीला विज्ञान शिकवत आहेत. मग आता परीक्षा कसली? उत्तरासाठी थोडे मागे जायला हवे.

शिकवण्याआधी शिक्षकाने स्वतः अध्यापनाचे शिक्षण घ्यावे, या विचाराला सरकारी धोरणात ठळक स्थान मिळाले ते १८५४ च्या वुडच्या खलित्याने. पुढे व्हर्नाक्युलर फायनल, मग ट्रेनिंग कॉलेज, मग शाळा अशी वाट रूढ झाली. प्रमाणपत्र एकदा मिळाले की जन्मभर पुरे.

पण ज्यांना ते पुरेसे वाटले नाही, असेही शिक्षक होते. अनुताई वाघ (१९१०–१९९२) बालपणीच विधवा झाल्या. १९२५ मध्ये त्या फायनल झाल्या, १९२९ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवले आणि नोकरी धरली. नंतर पुण्यात दिवसा हुजूरपागेत शिकवत रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचे काम करताना, पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये त्यांनी बी.ए. केले. तसा कोणताही आदेश नव्हता.

आदेश आले ते तंत्र बदलल्यावर. २००१ नंतर एमएस-सीआयटी सुरू झाली आणि सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर शिक्षकांनाही संगणक-अर्हता मिळवावी लागली; न मिळवणाऱ्यांच्या वेतनवाढी रोखण्याची तरतूद होती. तेव्हाचा अभ्यास फ्लॉपी आणि टंकलेखनाचा. २०२० मध्ये टाळेबंदी आली, आणि त्याच शिक्षकांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोबाइल उभा करून वर्ग घ्यावे लागले. त्याचे प्रमाणपत्र कोणाकडेच नव्हते. एकमेकांना विचारत सगळे शिकले.

टीईटीची गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायद्यानंतर, २०१० च्या अधिसूचनेने, पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही पात्रता ठरली. महाराष्ट्रात पहिली परीक्षा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. सुरुवातीला या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. जून २०२१ मध्ये केंद्राने ती आजीवन केली. मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. निकालाखालच्या प्रकरणांत महाराष्ट्रातलीही होती. आमच्या शेजारच्या बाई याच निकालात सापडल्या.

आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी तराजूंची पडताळणी होते. बाजारातल्या वजनांचीही होते. वीस वर्षे चालला म्हणून कोणी काट्याला माफी देत नाही, आणि यात त्याचा अपमानही नसतो. तेव्हा पडताळणी नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचे दोन नियम आहेत. पहिला, काटा जे तोलतो त्याचीच पडताळणी करायची. टीईटीत दीडशे बहुपर्यायी प्रश्न असतात. चुंबकाचा प्रयोग फसला तर बाई वर्गाला काय विचारतात, हे त्यांतून कळत नाही. दुसरा, काटा चुकला तर आधी तो दुरुस्त करायचा. दुरुस्तीची सोय न ठेवता भंगारात काढायचा नाही.

दुरुस्तीची सोय म्हणजे मुख्यतः वेळ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तासांचे सातत्यपूर्ण प्रशिक्षण सुचवले आहे. पण हे तास शाळेच्या वेळेतून येणार, की रात्री भांडी आवरून झाल्यावर? ज्या घरात सासूबाईंचे औषध, मुलाची दहावी आणि उद्याचा पाठ एकाच बाईंच्या वाट्याला येतो, तिथे हा प्रश्न परीक्षेच्या प्रश्नांहून अवघड आहे. अनुताईंना निदान रात्रशाळा होती.

परवा जिन्यात भेटल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “बालमानसशास्त्र पुन्हा वाचतेय. खरं सांगू? वीस वर्षांपूर्वी नुसतं पाठ केलं होतं. आता प्रत्येक पानावर कुठला तरी विद्यार्थी आठवतो.”

आमच्या मते बाईंची खरी पडताळणी तिथेच झाली. ती मोजणारी प्रश्नपत्रिका अजून निघायची आहे.